उद्दिष्ट : शेजाऱ्याच्या आधी न मरणे

कंट्रोलरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या, ही या प्रकरणाची सुरुवात. कुणाच्याही घरात घडावी अशीच ही घटना होती. गोळ्या संपत येतात, माणूस दवाखान्यात जातो, डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, माणूस घरी येतो. निदान पूर्वी येत असे.

कंट्रोलर म्हणजे बसडेपोतले निवृत्त कंट्रोलर. उभा जन्म त्यांनी गाड्या वेळेवर सोडण्यात घालवला होता. सुटलेली गाडी माघारी येत नाही आणि उशिरा येणाऱ्यासाठी गाडी थांबत नाही, या दोन तत्त्वांवर त्यांची नोकरी, संसार आणि निवृत्ती उभी होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात नांदत होती आणि दर रविवारी फोन करून "बाबा, गोळ्या घेता ना?" एवढं विचारत होती. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, गॅलरीतल्या कुंड्या आणि शेजारच्या दारात बँडमास्तर, एवढाच आता त्यांचा पसारा.

बँडमास्तरांनी एका वाद्यवृंदात आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलं होतं. वृंद बंद पडला तरी क्लॅरिनेट बंद पडलं नव्हतं. सकाळी भिंतीपलीकडे ते सुरू झालं की कंट्रोलर अलीकडे शिव्या सुरू करत. संध्याकाळी मात्र दोघं आपापल्या दारातून खुर्ची बाहेर ओढत, जिन्याच्या कठड्यापाशी स्टूल ठेवत आणि बुद्धिबळाचा पट मांडत. सलोखा असला की अरे-तुरे आणि भांडण असलं की अहो-जाहो, असा त्यांचा रिवाज होता. जिना चढणाऱ्या माणसाला दोन वाक्यं कानावर पडली की त्या दिवशीचं हवामान कळायचं.

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान बिघडलं होतं. बँडमास्तरांनी घोड्याला हात लावला, उचलला आणि "नुसता बघत होतो" म्हणून परत ठेवला.

"हात लावला की चाल," कंट्रोलर म्हणाले होते. "गाडी सुटली."

"अहो, घोडा आहे तो. बस नाही."

पट तसाच अर्धवट राहिला, दोन्ही दारं आपटली, आणि कंट्रोलर त्याच रागात सकाळी दवाखान्यात पोचले.

खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "चिठ्ठी आता मिळत नाही. आता आराखडा."

"कसला?"

"तुमचा."

आराखड्यासाठी एक वेगळी खोली काढली होती. तिच्या दारावर 'संवाद कक्ष' अशी पाटी होती. आत दोन मऊ खुर्च्या, एक प्लॅस्टिकचं रोप आणि डोळे पुसायच्या कागदांचा खोका. समोर समन्वयिका बसली होती. तरुण, हसरी, आणि कंट्रोलरांच्या लेकीपेक्षाही जास्त प्रेमाने बघणारी. इथेच कंट्रोलरांना संशय यायला हवा होता.

"काका, इतके दिवस आम्ही रुग्णाला विचारायचो, तुम्हाला काय होतंय? ते आमचं चुकलंच," ती म्हणाली. "आता आम्ही विचारतो, तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?"

"गोळ्या."

"त्या आमच्यासाठी महत्त्वाच्या. तुमच्यासाठी काय?"

"घरी जाणं."

"हे अल्पकालीन झालं, काका. दीर्घकालीन सांगा ना. अगदी मनातलं. घाई नाही."

घाई कंट्रोलरांना होती. डोक्यात कालचा घोडा अजून टापा टाकत होता. ते म्हणाले, "मग लिहून घ्या. त्या शेजारच्या बँडमास्तराच्या आधी मरायचं नाही. मी आधी गेलो तर माझ्या अंत्ययात्रेत तोच वाजवणार, आणि बेसूर वाजवणार. मला उठून सांगताही येणार नाही."

समन्वयिकेने खोक्यातला एक कागद ओढून डोळे टिपले. "किती आतून आलं हे," ती म्हणाली आणि टाइप करू लागली. "फक्त बँडमास्तर हा शब्द काढते हं. गोपनीयतेचा प्रश्न असतो. नुसतं 'शेजारी' लिहिते."

अशा रीतीने कंट्रोलरांच्या आयुष्याला उद्दिष्ट मिळालं. मग तिने त्यांच्या फोनवर 'आपुलकी' बसवली. आपुलकी म्हणजे सामायिक डिजिटल काळजी-आराखडा. त्यात डॉक्टर, औषधवाला, आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ, घरचे लोक असे सगळे एकाच ठिकाणी जमतात आणि एकाच माणसाची काळजी करतात. पूर्वी ज्याची त्याला स्वतःची काळजी स्वतःच करावी लागे, तो त्रास वाचतो. सुरू करण्याआधी एक मजकूर मान्य करायचा होता. तो डेपोच्या नियमावलीपेक्षा लांब होता. कंट्रोलर अंगठ्याने तो वर ढकलत राहिले, ढकलत राहिले, आणि तळाशी 'मान्य' आलं तेव्हा अंगठा दुखायला लागला होता.

"हे वाचायचं नसतं का?" त्यांनी विचारलं.

"वाचलं तरी चालतं," समन्वयिका म्हणाली. "पण अजून कुणी वाचलेलं नाही."

कंट्रोलरांनी 'मान्य' दाबलं. "आणि गोळ्या?"

"आराखडा मंजूर झाला की आपोआप."

घरी येऊन त्यांनी चहा ठेवला, तो उकळायच्या आत दार वाजलं. दारात बँडमास्तर. एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंडावर अहो-जाहो स्पष्ट दिसत होतं.

"अहो कंट्रोलर, हे काय आहे?"

फोनवर लिहिलं होतं : 'अभिनंदन! आपल्या शेजाऱ्यांच्या वैयक्तिक उद्दिष्टपूर्तीत आपली भूमिका निर्णायक आहे. उद्दिष्ट : शेजाऱ्याच्या आधी न मरणे. यात आपण केव्हा योगदान देऊ शकाल?' खाली तीन पर्याय होते. लगेच. लवकरच. सवडीने.

उद्दिष्टात ज्याचा उल्लेख असेल त्याला आराखड्यात सहभागी करून घेणं बंधनकारक होतं. गोपनीयतेसाठी बँडमास्तर हा शब्द काढला होता, पण पत्ता काढायचा राहिला होता.

"अहो, मी चेष्टेत बोललो ते," कंट्रोलर म्हणाले.

"चेष्टेत? मी आधी 'मान्य' दाबलं आणि मग वाचलं! मला वाटलं विजेचं बिल असेल." बँडमास्तरांचा आवाज वरच्या पट्टीत गेला. "तरी शेजारधर्म म्हणून 'सवडीने' दाबलंय. उपकार माना."

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर तडक दवाखान्यात गेले आणि मऊ खुर्चीत बसून त्यांनीही आपलं मन मोकळं केलं. त्यांच्यासाठी काय महत्त्वाचं होतं? शेजाऱ्याच्या आधी न मरणं. समन्वयिकेने दुसरा कागद ओढला. एकाच मजल्यावरच्या दोन माणसांचं उद्दिष्ट शब्दशः एक असावं, हे तिच्या कारकिर्दीत प्रथमच घडत होतं. तिने दोन्ही आराखडे मोठ्या कौतुकाने एकमेकांना जोडून टाकले.

आता आपुलकी खऱ्या अर्थाने कामाला लागली. बँडमास्तर सकाळी बागेत फेऱ्या मारायला गेले की कंट्रोलरांचा फोन खणखणे : 'आपले उद्दिष्ट मागे पडत आहे. शेजारी पुढे गेले आहेत.' मग कंट्रोलर तोंडही न धुता जिना उतरत. कंट्रोलरांनी जेवणातलं मीठ कमी केलं की पलीकडे घंटा वाजे आणि बँडमास्तर उरलेली साखर टाकून देत. बागेत दोघं एकमेकांच्या उलट दिशेने फिरत. समोरासमोर आले की मान वळवत, पण एकमेकांची चाल लंगडी झाली आहे का, हे चोरून बघून घेत. समन्वयिकेने वरिष्ठांना कळवलं की लाभार्थींचा सहभाग अभूतपूर्व आहे.

ते खरंही होतं. दोघांचे गुडघे सुधारले, पोटं आत गेली. कंट्रोलरांच्या गोळ्या मात्र आल्या नाहीत. घरात तळाशी उरलेल्या पाकिटातून ते एकेक काढत होते. त्यांनी विचारणा केली तेव्हा समजलं की जोडलेल्या आराखड्यांत उद्दिष्टं परस्परविरोधी असतील तर यंत्रणेला तटस्थ राहावं लागतं. एकाला गोळी दिली तर दुसऱ्याच्या उद्दिष्टाला धक्का बसतो. म्हणून पक्षपात टाळण्यासाठी दोघांनाही काही द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण एक दिवस सकाळी क्लॅरिनेट वाजलं नाही. भिंतीपलीकडून नुसता खोकला येत होता. कंट्रोलर शिव्यांची तयारी करून बसले होते, त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात फोन आनंदाने किणकिणला. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले जात होते आणि मधोमध लिहिलं होतं : 'अभिनंदन! आपल्या उद्दिष्टात आज लक्षणीय प्रगती. शेजाऱ्यांना ताप आहे.'

कंट्रोलर त्या कपट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन पालथा घातला, वाफेचं भांडं आणि बामची बाटली उचलली आणि शेजारचं दार ठोठावलं.

"तोंड उघडू नकोस, नुसतं नाक घाल यात," ते म्हणाले.

टॉवेलाखालून बँडमास्तर म्हणाले, "तुझं उद्दिष्ट बुडेल रे."

"बुडू दे. बेसूर वाजवणारा दुसरा कुठे शोधू मी?"

अरे-तुरे परत आलं होतं. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही कळल्याचं दाखवलं नाही. पण आपुलकीला कळलं. त्या दुपारी कंट्रोलरांच्या आराखड्यावर लाल पट्टी आली : 'उद्दिष्टविरोधी वर्तन. रुग्णाने शेजाऱ्यास वाफ दिली.' आराखडा सामायिक असल्यामुळे ही बातमी सगळ्यांपर्यंत एकाच वेळी गेली. रविवार नसताना लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही काकांना वाफ दिलीत?"

"दिली."

"अहो बाबा! प्लॅनच्या विरुद्ध आहे ना ते. इकडे ह्यांच्या फोनवरपण आलंय. आहारवाल्या बाई विचारतायत, घरातून काही ताण आहे का म्हणून."

"अगं, त्याला सर्दी झाली होती."

"तेच तर! आपोआप होत होतं ना सगळं," लेक म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं. मग हळूच म्हणाली, "आता बरे आहेत का काका?"

वर्तन गंभीर असल्याने बैठक बोलावली गेली. रुग्णाच्या बाबतीतला कोणताही निर्णय रुग्णाशिवाय घ्यायचा नाही, असं आपुलकीचं धोरणच होतं, म्हणून कंट्रोलरांनाही बोलावलं होतं. त्यांना निरीक्षकाचा दर्जा होता. म्हणजे ऐकायचं, बोलायचं नाही. संवाद कक्षातल्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं बसली होती. त्यातली निम्मी कंट्रोलरांनी जन्मात पाहिली नव्हती आणि ती सगळी त्यांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारत होती. एका चौकोनात जावई बसल्या बसल्या डुलक्या घेत होते.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "यांचा रक्तदाब किती आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. समन्वयिका म्हणाली, "सर, तो रकाना या आवृत्तीत नाही. पुढच्या आवृत्तीत येतोय."

मग विषयाला हात घातला गेला. शेजारी हा रुग्णाच्या उद्दिष्टातला मुख्य अडथळा, हे उघड होतं. रुग्ण या अडथळ्याबरोबर रोज संध्याकाळी बसतो, हेही उघड झालं. बसून बुद्धिबळ खेळतो हे कळल्यावर व्यायामतज्ज्ञ म्हणाले, बसणं वाईट. मनोविकासतज्ज्ञ म्हणाल्या, हरणं वाईट. आहारतज्ज्ञ म्हणाल्या की खेळताना फुटाणे खाल्ले जातात का, ते तपासावं लागेल. शेवटी एकमताने ठरलं की दोन्ही लाभार्थींच्या व्यापक हितासाठी त्यांनी एकमेकांपासून सुरक्षित अंतर राखावं आणि खेळ तूर्त स्थगित करावा.

निरीक्षकाने हात वर केला. समन्वयिका प्रेमाने म्हणाली, "काका, तुमचा हात दिसतोय आम्हाला. छान वर जातोय. खांदा सुधारलाय."

बैठकीनंतर दवाखान्याच्या बोळात डॉक्टरांनी कंट्रोलरांना गाठलं. मागेपुढे कुणी नाही हे पाहून त्यांनी दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब बघितला, खिशातून कागदाचा तुकडा काढला आणि भिंतीवर टेकवून भराभर गोळ्या लिहून दिल्या. "आराखड्याबाहेरचं आहे हे. कुणाला बोलू नका," ते पुटपुटले. औषधवालाही आराखड्यात होता. त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून गल्ल्याखालून सरकवलं. आयुष्यात लाल सिग्नल न तोडलेले कंट्रोलर अशा रीतीने उतारवयात चोरट्या मालाचे गिऱ्हाईक झाले.

गोळ्यांचं असं भागलं, पण संध्याकाळचं काय? दोघं तीन हातांच्या आत आले की दोन्ही फोन कर्कश ओरडायला लागले. एकदा त्यांनी फोन उशीखाली ठेवून पट मांडला. रुग्ण निपचित पडला आहे, असा आपुलकीने अर्थ काढला. रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन धावत जिना चढली आणि वळणावर त्या स्ट्रेचरच्या दांड्याने पट उडवला. कंट्रोलर तेव्हा चार चालींत मात करणार होते. त्यांना त्या रात्री खरोखरच झोप लागली नाही.

मग संध्याकाळी ते एकटेच दारात खुर्ची टाकून बसू लागले. शेजारचं दार बंद. त्यांना बँडमास्तरांची आठवण येत होती, आणि भिंतीपलीकडच्या माणसाची आठवण येणं हा काय पोरकटपणा, म्हणून स्वतःचाच राग येत होता. बायको गेली त्या वर्षी हाच माणूस रोज संध्याकाळी काही न बोलता पट घेऊन येत असे आणि मुद्दाम हरत असे, हे त्यांना आता आठवलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपण चांगलं खेळतो.

उपाय त्यांनीच काढला. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्याच धर्तीवर त्यांनी चमच्याने भिंतीवर ठोके मारून चाल कळवायची आणि बँडमास्तरांनी तितक्याच फुंकांनी क्लॅरिनेटवर उत्तर द्यायचं. दोघांकडे वेगवेगळे पट. पहिला डाव तर झकास रंगला. पण आपुलकीचे कान तिखट. कंट्रोलरांच्या आराखड्यात नोंद आली : 'रुग्ण भिंतीवर डोके आपटत असण्याची शक्यता.' त्यांना एक समुपदेशक मिळाला. बँडमास्तरांच्या आराखड्यात आलं : 'छातीतून शिट्टीसारखा आवाज.' त्यांना छातीचा फोटो काढायला पाठवलं.

"उभा जन्म वाजवतोय मी!" बँडमास्तर भिंतीपलीकडून ओरडले. "आणि हे लोक याला दमा म्हणतात!"

कंट्रोलरांच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण प्रसंग पाहून त्यांनी ते गिळलं.

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणत ते पुन्हा संवाद कक्षात गेले. "माझं उद्दिष्ट बदला," ते म्हणाले.

समन्वयिकेचा चेहरा दुखावला. "काका, ते तुमचे स्वतःचे शब्द आहेत. व्यक्तीच्या शब्दांत बदल करण्याचा अधिकार आम्हाला नाही."

"मग मी करतो."

"व्यक्तीलाही नाही. आराखडा सामायिक आहे ना! सगळ्या सहभागींची सहमती लागेल."

"घ्या मग."

"त्यातले दोघं निवृत्त झाले, एक परदेशी आहेत, आणि तुमचे जावई संदेश उघडतच नाहीत."

कंट्रोलरांनी डेपोत असताना वापरायचा तो आवाज काढला. "बाई, कुठल्या परिस्थितीत हे बंद होतं, तेवढंच सांगा."

तिने बराच वेळ पडदा वरखाली केला. "उद्दिष्ट पूर्ण झालं तर. म्हणजे शेजारी... नको ते. किंवा मग शेजाऱ्याचा पत्ता बदलला तर. ते शेजारी राहत नाहीत म्हटल्यावर त्यांचा अडथळा आपोआप निघतो."

"पत्ता बदलून कुठे जायचं, याला काही नियम?"

"नाही. कुठेही."

गाडी मार्ग बदलते, पण प्रवाशांना जिथे जायचं तिथेच नेते, हे कंट्रोलरांना पक्कं ठाऊक होतं. ते घरी आले आणि चमच्याने भिंत ठोकायच्या ऐवजी सरळ शेजारच्या दारात उभे राहिले. दोन्ही फोन कोकलत होते.

"सामान आवर," त्या गोंगाटावरून ते म्हणाले.

"कुठे जायचंय?"

"माझ्याकडे. आतली खोली तुझी. सकाळचं क्लॅरिनेट गॅलरीत, दार लावून."

"दार लावून नाही," बँडमास्तर म्हणाले.

"बरं, अर्धं लावून."

बँडमास्तरांची खोली भाड्याची होती. घरमालकाला किल्ली दिली, दोन ट्रंका आणि एक गादी चार पावलं सरकवली, आणि पत्ता बदलला. आपुलकीवर बँडमास्तर आता शेजारी नव्हते. ते 'कुटुंबीय' या रकान्यात गेले, आणि कुटुंबीयांच्या आधी न मरण्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नव्हतं. फोन गप्प झाले. संध्याकाळी स्टूल बाहेर आलं. पहिल्याच डावात बँडमास्तरांनी उंटाला हात लावला आणि परत ठेवला. कंट्रोलरांनी एक शब्द काढला नाही. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा मात्र "अहो!" म्हणून ते एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावर दिवे लागले. सगळं पूर्वीसारखं झालं होतं.

रिकाम्या खोलीला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. दवाखान्याजवळ राहायला जागा शोधत होती ती समन्वयिकाच तिथे आली. कुंडी घेऊन आली, हसत आली, "काका, आता मी तुमची शेजारीण," असं म्हणाली, आणि ट्रंक खाली ठेवायच्या आत तिचा फोन दोनदा वाजला. अभिनंदन! आणि पुन्हा अभिनंदन! दोन शेजाऱ्यांच्या उद्दिष्टपूर्तीत तिची भूमिका निर्णायक होती. सवयीने तिने दोन्हीकडे 'मान्य' दाबलं.

आठवड्याभरात आपुलकीच्या सांगण्यावरून तिच्या जेवणातलं मीठ गेलं, चहा गेला, रात्रीचं जागरण गेलं, आणि मग, दोन्ही शेजाऱ्यांच्या उद्दिष्टाचा विचार करून, आपुलकीच्याच सांगण्यावरून ते सगळं दुप्पट परत आलं. ती शिंकली की भिंतीअलीकडे दोन फोन कपटे उधळत. एका सकाळी ती डोळे सुजवून दारात उभी राहिली. "काका, हे बदलता येत नाही का हो?"

"आमचे स्वतःचे शब्द आहेत, पोरी," कंट्रोलर म्हणाले. त्यांनी तिला आत बसवलं, चहा दिला, वर डोळे पुसायला रुमाल दिला. त्यांच्या आराखड्यावर पुन्हा लाल पट्टी आली. महिनाअखेरीस तिने खोली सोडली. सोडताना ती म्हणाली की तिने तो मजकूर पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

मजकुराच्या अगदी तळाशी, 'मान्य'च्या जरा वर, एक कलम होतं. शेजारी आढळला नाही तर परीघ वाढवावा. खोली त्यानंतर कुणी घेतली नाही, तेव्हा आपुलकीने आधी खालच्या मजल्यावरचे धरले, मग समोरची इमारत, मग रस्ता, मग बागेपलीकडची वस्ती. ज्याच्या फोनवर कधीतरी कुठलंसं 'मान्य' दाबलं गेलं आहे, असा सर्वांत जवळचा माणूस सापडेपर्यंत परीघ वाढतच राहतो. असा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तुमच्या फोनवर एवढ्यात कसलं अभिनंदन येऊन गेलं का, ते आठवून पाहा. आलं असेल तर तुम्ही त्याचं काय केलंत, ते वेगळं विचारायला नको. काळजीचं कारण नाही. कंट्रोलरांची तब्येत उत्तम आहे, गुडघे तर विशीतले झाले आहेत. रोज संध्याकाळी बँडमास्तर पट मांडेपर्यंत ते चष्मा लावतात, फोन उघडतात आणि न चुकता तुमची चौकशी करतात.

"काय म्हणतंय आपलं उद्दिष्ट?" बँडमास्तर विचारतात.

"प्रगती आहे," कंट्रोलर समाधानाने म्हणतात. "हे महाशय आज चालायला गेलेच नाहीत. नुसते बसून काहीतरी वाचत होते."